डेफची टाकी सांभाळताना : ट्रक, बस आणि कॅरव्हॅनधारकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ ही वाहनांच्या धुराची मानके लागू झाली आणि तोवर काही ट्रकांनाच ठाऊक असलेली एक छोटी, निळ्या झाकणाची टाकी जवळजवळ प्रत्येक जड डिझेल वाहनाच्या अंगावर आली. या टाकीतल्या, धूर कमी विषारी करणाऱ्या ‘डेफ’ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड) या द्रवामुळे रस्त्यात अडकलेल्या गाड्या पाहिल्या, की मालकाचा पहिला राग कंपनीवर असतो आणि दुसरा सेन्सरवर. अनेक वर्षे अशा गाड्यांची देखभाल पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे, की यंत्रणेचे बहुतेक मोठे खर्च इंजिनापाशी जन्माला येत नाहीत. ते टाकीच्या झाकणापाशी, कॅनच्या तळाशी आणि बॅटरीच्या कटऑफ स्विचपाशी जन्माला येतात, म्हणजेच ते टाळता येण्यासारखे असतात. पुढील प्रश्न चालक, मालक आणि गॅरेजमधील सहकारी मला पुन:पुन्हा विचारत आले आहेत.

डेफ म्हणजे नेमके काय, आणि चालक त्याला ‘युरिया’ का म्हणतात?

डेफ हे वजनाने ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि उरलेले खनिजमुक्त पाणी यांचे द्रावण आहे. ‘अ‍ॅडब्लू’ हे त्याचेच एक नोंदणीकृत नाव असून ते जर्मनीतील वाहन उद्योग संघटनेच्या मालकीचे आहे. ‘युरिया टाकायचा आहे’ असे चालक म्हणतात ते अर्थाने चूक नाही, परंतु या एका शब्दामुळे खताच्या पोत्याशी जी गल्लत होते तिने फार नुकसान केले आहे, म्हणून मी गॅरेजमध्ये कटाक्षाने ‘डेफ’ हाच शब्द वापरायला लावतो.

हे द्रावण डिझेलमध्ये मिसळत नाही. ते धुराच्या गरम नळीत फवारले जाते, तिथे त्याचा अमोनिया बनतो आणि पुढच्या उत्प्रेरकात (कॅटॅलिस्टमध्ये) हा अमोनिया धुरातील नायट्रोजन ऑक्साइडशी संयोग पावून साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ तयार करतो. नायट्रोजन ऑक्साइड हा फुप्फुसांना त्रास देणारा आणि उन्हात जमिनीलगतचा ओझोन वाढवणारा वायू आहे. दिवसभर टोलनाक्यांवर आणि बंदराच्या रांगेत उभे राहणारे चालकच तो सर्वांत जास्त श्वासात घेतात, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून घातला तर काय बिघडते? युरिया तोच, पाणी तेच, मग फरक कशाचा?

फरक अशुद्धींचा आहे, आणि तो आकड्यांत पाहिला तरच पटतो.

डेफसाठीच्या आयएसओ २२२४१ या मानकात कॅल्शियम, लोह, सोडियम यांसारख्या प्रत्येक धातूची मर्यादा किलोमागे केवळ ०.५ मिलिग्रॅम आहे, तर तांबे आणि जस्त यांची ०.२ मिलिग्रॅम. आपल्याकडे सोलापूर, बीड, लातूर या पट्ट्यातील बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम या मर्यादेच्या शेकडो पटींनी जास्त असू शकते. असे पाणी गरम नळीत फवारले, की युरिया आणि पाणी निघून जाते आणि क्षार मागे राहतात. घरच्या गिझरमध्ये जो पांढरा थर जमतो, तसाच थर उत्प्रेरकाच्या बारीक छिद्रांत जमतो. गिझरचा थर खरवडता येतो, उत्प्रेरकाचा नाही.

दुसरी गोष्ट कडुलिंबाची. २०१५ पासून देशातील शेतीचा युरिया कडुलिंबाच्या तेलाचे लेपन करूनच विकला जातो, आणि त्या लेपनात तेलाचे प्रमाण किमान ०.०३५ टक्के असावे असा नियम आहे. ऐकायला हा आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु २० लिटर डेफ बनवायला सुमारे ७ किलो युरिया लागतो, म्हणजे त्या एका कॅनमध्ये जवळपास अडीच ग्रॅम तेल गेले. डेफच्या टाकीतील फिल्टर, पंपाचे पडदे आणि रबरी सील तेलासाठी बनवलेले नसतात. ते फुगतात, मऊ होतात आणि काही महिन्यांत पंप दाब धरेनासा होतो.

तिसरी गोष्ट बाययुरेट या घटकाची. खताच्या युरियात तो १.५ टक्क्यांपर्यंत चालतो, कारण पिकाला तितका सोसतो. अशा मर्यादेजवळच्या युरियापासून ३२.५ टक्क्यांचे द्रावण केले, तर त्यात बाययुरेट सुमारे ०.४९ टक्के येतो, आणि डेफमध्ये कमाल मर्यादा ०.३ टक्के आहे. हा घटक उष्णतेने सहज न विरघळणारे पांढरे दगड तयार करण्यात पुढे असतो.

याखेरीज कायद्याचाही प्रश्न आहे. अनुदानित युरिया शेतीबाहेर वळवणे हा खत नियंत्रण आदेश, १९८५ आणि अत्यावश्यक वस्तू कायदा, १९५५ यांच्याखालील गुन्हा आहे. खरिपाच्या तोंडावर कृषी केंद्राबाहेर शेतकरी रांगेत उभा असताना तीच पोती एखाद्या शेडमध्ये ड्रममध्ये ओतली जात असतील, तर त्या द्रवाचा कॅन स्वस्त मिळतो म्हणून घेणारा मालकही त्या चोरीला हातभार लावतो. मला हे स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते.

पण बनावट डेफ घातल्यावर मीटरवर दिवा लागायला हवा ना? आमच्या गाडीला तर महिनाभर काहीच झाले नाही.

टाकीतील गुणवत्ता सेन्सर द्रावणात युरिया किती आहे हे मोजतो. तो युरिया कोणत्या पोत्यातून आला, पाणी कोणत्या विहिरीचे होते, हे त्याला कळत नाही. प्रमाण जमवून केलेले बनावट द्रावण या सेन्सरला सहज चकवते, आणि म्हणूनच ‘महिनाभर काही झाले नाही’ हा अनुभव पुष्कळांना येतो. नुकसान मात्र रोज थोडे थोडे साचत असते. पहिला फटका सहसा फिल्टरला बसतो, मग फवारणीच्या नोझलला, नंतर पंपाला आणि शेवटी उत्प्रेरकाला, जो यंत्रणेतील सर्वांत महागड्या भागांपैकी एक आहे. आमच्याकडे आलेल्या एका दहाचाकी ट्रकची गोष्ट अशीच होती : मालकाने आठ महिने लिटरमागे काही रुपये वाचवले होते, आणि त्या सगळ्या बचतीत नवा पंपसुद्धा बसला नाही.

मग अस्सल डेफ ओळखायचे कसे?

सीलबंद कॅन घ्यावा, त्यावर आयएसओ २२२४१ चा उल्लेख, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख असावी, आणि पक्के बिल मागावे. वॉरंटीचा वाद उभा राहिला, की हे बिल आणि बॅच क्रमांकच मालकाच्या बाजूने बोलतात. म्हणून ते मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवण्याची सवय चालकांना लावावी. रिकामे ब्रँडेड कॅन भंगारातून विकत घेऊन पुन्हा भरणारे लोक आहेत, यासाठी कॅन संपल्यावर त्याला भोक पाडूनच टाकावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

अस्सल डेफ पाण्यासारखे स्वच्छ आणि रंगहीन असते. त्याला अमोनियाचा किंचित वास येऊ शकतो, पण कॅन उघडताच डोळ्यांत पाणी आणणारा वास येत असेल, तर ते उष्णतेने खराब झालेले आहे. द्रव गढूळ असेल, तळाशी गाळ असेल किंवा वर तेलकट इंद्रधनुषी पापुद्रा दिसत असेल, तर तो कॅन परत करावा. हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर एका थेंबात युरियाचे प्रमाण दाखवतो आणि ते ३१.८ ते ३३.२ टक्क्यांच्या दरम्यान असले पाहिजे. पाच-सहा गाड्या असलेल्या प्रत्येक मालकाने हे उपकरण जवळ ठेवावे. ते नसेल तर एक साधा अंदाज वजनावरून येतो : २० अंश तापमानाला २० लिटर डेफचे वजन सुमारे २१.८ किलो भरते आणि तेवढ्याच पाण्याचे सुमारे २० किलो, म्हणून कॅनचे वजन वजा करून आकडा बराच खाली आला, तर त्यात पाणी वाढवले आहे किंवा माप कमी भरले आहे. मात्र या दोन्ही चाचण्या केवळ प्रमाण सांगतात. धातू आणि तेल यांची खात्री प्रयोगशाळेतच होते, त्यामुळे विश्वासाच्या विक्रेत्याला पर्याय नाही.

उन्हाळ्यात डेफ खराब होते हे खरे आहे का?

खरे आहे, आणि विदर्भ-मराठवाड्यातील मालकांनी याच प्रश्नाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे.

साठवणुकीबाबत मानकातील मार्गदर्शन असे सांगते : साठवणुकीच्या जागेचे तापमान १० अंशांपर्यंत असेल तर डेफ ३६ महिने टिकते, २५ अंशांपर्यंत १८ महिने, ३० अंशांपर्यंत १२ महिने, आणि ३५ अंशांपर्यंत असेल तर केवळ ६ महिने. त्याहून जास्त उष्ण जागी साठवलेला माल वापरण्यापूर्वी तपासावा लागतो. चंद्रपूर, नागपूर, अकोला येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये किंवा केबिनच्या टपावर दोरीने बांधलेल्या कॅनमध्ये तो त्याहून वर असतो. कॅनवर छापलेली ‘वर्षभर उत्तम’ अशी मुदत या परिस्थितीसाठी नसते. उष्णतेने युरिया हळूहळू विघटित होतो, अमोनिया झाकणातून निसटतो आणि प्रमाण ढळते.

उपाय साधा आहे. एप्रिल ते जून या काळात महिन्याभराला पुरेल इतकाच माल घ्यावा, जुना कॅन आधी वापरावा, कॅन जमिनीवर सावलीत लाकडी फळीवर ठेवावेत आणि टपावर कधीच बांधू नयेत. केबिनमागच्या पेटीत एक कॅन हाताशी ठेवायला हरकत नाही, पण तो आठवड्याभरात टाकीत जावा. २०२१ च्या अखेरीस चीनने युरियाची निर्यात आवळल्यावर दक्षिण कोरियात या द्रवासाठी रांगा लागल्या होत्या. त्या बातम्या वाचून आपल्याकडेही काहींनी ड्रम भरून ठेवले. टंचाईची भीती समजण्यासारखी आहे, पण उन्हात ठेवलेला ड्रम हा साठा राहत नाही, तो पुढच्या पावसाळ्यातील बिघाड असतो.

टाकी भरताना कोणती काळजी घ्यावी?

एका वाक्यात सांगायचे तर डेफसाठी वापरलेली वस्तू दुसऱ्या कशासाठी वापरू नये, आणि दुसऱ्या कशासाठी वापरलेली वस्तू डेफला लावू नये. ऑइलचे नरसाळे, डिझेलची बादली, कूलंटचा डबा हे सगळे धुऊनही चालत नाहीत, कारण धुतलेल्या नरसाळ्यावर उरलेला तेलाचा अदृश्य थरही टाकीत जातो. तांबे, पितळ, जस्ताचा मुलामा दिलेली बादली आणि साधे लोखंड यांना डेफ खाते आणि त्यांचे कण स्वतःत विरघळवते. स्टेनलेस स्टील आणि जाड पॉलिथिन मात्र चालते. म्हणून कॅनसोबत मिळणारी प्लॅस्टिकची नळी सर्वांत उत्तम.

भरण्यापूर्वी झाकणाभोवतीची धूळ ओल्या स्वच्छ फडक्याने पुसून घ्यावी. सिमेंट, कोळसा, राख किंवा वाळू वाहणाऱ्या गाड्यांत ही धूळच मुख्य शत्रू असते, आणि गाळणी असली तरी बारीक पूड तिच्यातून आत जाते. टाकी काठोकाठ भरू नये, वर थोडी हवा राहू द्यावी. सांडलेले डेफ लगेच पाण्याने धुवावे. ते सुकले की पांढरे स्फटिक राहतात, रंग सोलतो, आणि वायरिंगच्या कनेक्टरमध्ये शिरले तर तांब्याच्या पिना हिरव्या पडतात. गाडीखाली कुठे पांढरी पूड साचलेली दिसली, तर ती गळतीची खूण समजावी.

इंजिन बंद केल्यावर लगेच बॅटरीचा कटऑफ बंद केला तर चालेल का?

नाही. आणि ही सवय मला सर्वांत जास्त त्रास देते, कारण ती चांगल्या हेतूने लागलेली असते. बॅटरी उतरू नये आणि शॉर्टसर्किट होऊ नये म्हणून जुने चालक चावी काढताच कटऑफ ओढतात. बीएस-६ गाडीत चावी बंद केल्यानंतरही डेफचा पंप काही काळ चालू असतो आणि नळ्यांत व नोझलमध्ये उरलेला द्रव टाकीत परत खेचून घेतो. तो खेचण्याआधीच वीज गेली, तर द्रव गरम नोझलच्या तोंडाशी सुकतो आणि स्फटिक होऊन बसतो. रोज दोनदा असे झाले, की काही महिन्यांत नोझल तुंबते आणि मग ‘कंपनीचा माल खराब’ असे म्हटले जाते.

चावी बंद केल्यावर किमान दोन-तीन मिनिटे थांबावे, आणि गाडीच्या पुस्तिकेत याहून अधिक वेळ सांगितला असेल तर तो पाळावा. काही गाड्यांत डॅशबोर्डवर यासाठी वेगळा दिवा असतो. तो विझेपर्यंत कटऑफला हात लावू नये. गॅरेजमध्ये वेल्डिंगसाठी बॅटरी सोडवायची असेल, तेव्हाही हाच नियम. आमच्या आवारात कटऑफच्या झाकणावर लाल रंगाने ‘तीन मिनिटे थांबा’ असे लिहिले आहे, आणि तेव्हापासून नोझलच्या तक्रारी लक्षणीय कमी झाल्या.

गाडी फारशी पळत नाही, पण रांगेत तासन्‌तास चालू राहते. त्याने काही होते का?

होते. युरियाचे अमोनियात नीट रूपांतर व्हायला धुराची नळी साधारण २०० अंशांच्या वर तापलेली असावी लागते. न्हावा-शेवा बंदराबाहेर रात्रभर चालू ठेवलेला कंटेनर ट्रेलर, साखर कारखान्याच्या गेटवर थांबून थांबून पुढे सरकणारा उसाचा ट्रक, मुंबईत काँक्रीट फिरवत उभा असलेला ट्रान्झिट मिक्सर, महापालिकेची कचरा गाडी : या सगळ्यांची नळी पुरेशी तापतच नाही. अशा वेळी यंत्रणा फवारणी थांबवते खरी, पण तापमानाच्या सीमारेषेवर जो थोडा द्रव फवारला जातो, त्याचे नळीत पांढरट दगड बनतात. आरंभी ते मऊ असतात आणि पुरेशा उष्णतेने जातात, पुढे मात्र टणक होतात.

कसारा किंवा बोरघाट भरलेल्या गाडीने चढताना नळी जेवढी तापते, तेवढी आठवडाभराच्या शहरातील फेऱ्यांत तापत नाही. म्हणून ज्या गाडीला असा मार्ग मिळत नाही, तिला आठवड्यातून एकदा हमरस्त्यावर भार घेऊन ३०-४० मिनिटे सलग चालवावे. गरज नसेल तिथे इंजिन बंद ठेवावे. थंड केबिनमध्ये झोपता यावे म्हणून चालक इंजिन चालू ठेवतो, हे मला ठाऊक आहे, आणि मे महिन्यात त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु मालकाने त्या थांब्याच्या जागी सावली आणि पंखा यांची सोय केली, तर इंजिन आणि माणूस दोन्ही सुखी राहतील.

डीपीएफ, म्हणजे धुरातील काजळी अडवणारी गाळणी, स्वच्छ करण्याची सूचना आली, की ती पुढे ढकलू नये. त्या वेळी नळी खूप तापते आणि डेफच्या बाजूचे मऊ साठेही त्याने कमी होतात. सूचना वारंवार मोडणाऱ्या गाडीत दोन्ही यंत्रणा एकत्रच आजारी पडतात.

डेफ संपले तर गाडी जागीच बंद पडते का?

एकदम नाही, ती टप्प्याटप्प्याने हतबल होते. बीएस-६ युरोपातील ज्या युरो-६ नियमांच्या धर्तीवर आहे, त्यांत पातळी १० टक्क्यांच्या खाली जाण्याआधीच इशारा मिळतो. २.५ टक्क्यांच्या खाली गेल्यावर इंजिनाची ताकद एक चतुर्थांशाने कमी होते, आणि टाकी पूर्ण रिकामी झाल्यावर वेग ताशी २० किलोमीटरवर अडकतो. द्रवाची गुणवत्ता चुकीची ठरली किंवा फवारणीच थांबली, तरीही अशाच पायऱ्या लागतात, फक्त त्या काही तासांच्या अंतराने येतात.

भरलेली गाडी घाटाच्या मध्यावर ताशी २० किलोमीटरवर येणे हे केवळ गैरसोयीचे नाही, ते धोक्याचे आहे. म्हणून पातळी एक चतुर्थांशाच्या खाली जाऊ देऊ नये. खर्चाचा अंदाज धरायचा, तर १०० लिटर डिझेलमागे साधारण ३ ते ६ लिटर डेफ लागते. दर वेळी डिझेलच्या नोंदीशेजारी डेफचीही नोंद ठेवावी, कारण हे प्रमाण अचानक घसरले तर नोझल तुंबत आहे किंवा कोणी तरी छेडछाड केली आहे, आणि अचानक वाढले तर गळती आहे. मीटरवर दिवा लागायच्या कितीतरी आधी वहीत बिघाड दिसतो.

डेफमध्ये थोडे डिस्टिल्ड वॉटर घालून पुढच्या पंपापर्यंत जाता येईल का?

नाही. प्रमाण घटते, सेन्सर गुणवत्तेचा दोष नोंदवतो, आणि डेफ कमी असण्याचा साधा इशारा मिटवायला जाऊन त्याहून अवघड दोष ओढवतो.

चुकून डेफच्या टाकीत डिझेल किंवा डिझेलच्या टाकीत डेफ पडले तर?

दोन्ही वेळी पहिला नियम एकच : चावी फिरवू नका. पुष्कळ गाड्यांत इंजिन सुरू न करता नुसती चावी दिली तरी पंप चालू होतो आणि चूक टाकीतून पुढच्या नळ्यांत जाते.

डेफच्या टाकीत डिझेल गेले, तर ते वर तरंगते, सील फुगवते आणि गुणवत्ता सेन्सरला बिघडवते. टाकी पूर्ण रिकामी करून खनिजमुक्त पाण्याने आणि मग ताज्या डेफने धुवावी लागते, आणि पंप चालू झाला असेल तर फिल्टर, नळ्या आणि बहुधा पंपही बदलावा लागतो. डिझेलच्या टाकीत डेफ गेले, तर ते जड असल्याने तळाशी बसते आणि पंप ओढतो तेव्हा आधी तेच ओढले जाते. उच्च दाबाचा पंप आणि इंजेक्टर यांना ते गंजवते. इंजिन सुरू झाले नसेल, तर टाकी उतरवून स्वच्छ करण्यावर भागते, सुरू झाले असेल तर बिल अनेक पटींनी वाढते. गाडी टोचन करून नेण्याचा खर्च यापुढे काहीच नाही. डेफचे तोंड आणि नोझल डिझेलपेक्षा अरुंद, १९ मिलिमीटरचे केले आहे ते याचसाठी, पण कॅनमधून भरताना हा अडसर कामी येत नाही. अंधारात, झोपेत, घाईत भरणे टाळावे, एवढेच सांगता येते.

आमची कॅरव्हॅन वर्षातले सहा महिने उभीच असते. तिच्या टाकीचे काय करावे?

२०२१ मध्ये महाराष्ट्राचे कॅरव्हॅन पर्यटन धोरण आल्यापासून हा प्रश्न वारंवार येतो, आणि तो रास्त आहे, कारण ट्रकचा शत्रू धूळ असली तरी कॅरव्हॅनचा शत्रू स्थिरता आहे. टाकीत द्रव तसाच पडून राहतो, पाणी हळूहळू उडते, आणि पातळी जिथे थांबली आहे त्या रेषेवर सेन्सरच्या दांड्यावर स्फटिकांचे कडे तयार होते. हिवाळी पर्यटनाचा हंगाम संपल्यावर मार्चमध्ये उभी केलेली गाडी पावसाळा उलटल्यावर काढली, तर तिच्या टाकीतील डेफने पूर्ण उन्हाळा सोसलेला असतो.

दोन-अडीच महिन्यांपुरतीच गाडी उभी राहणार असेल, तर टाकी जवळपास भरून ठेवावी, म्हणजे हवेची जागा कमी राहते आणि सेन्सर बुडालेला राहतो. उन्हाळ्यासह पाच-सहा महिने उभी राहणार असेल, तर बाहेर काढताना जुना द्रव उतरवून ताजा भरावा. ३०-४० लिटर द्रवाचा खर्च एका सेन्सरच्या खर्चापुढे नगण्य आहे. गाडी शक्यतो छपराखाली ठेवावी. ‘दर आठवड्याला दहा मिनिटे स्टार्ट करून ठेवतो’ असे अनेक जण अभिमानाने सांगतात, पण उभ्या जागी दहा मिनिटे चालवल्याने नळी तापत नाही, उलट ओलावा आणि अर्धवट फवारा आत साचतो. महिन्यातून एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर नीट चालवणे हेच उपयोगाचे.

एक इशारा फक्त कॅरव्हॅनवाल्यांसाठी : अनेक मोटरहोममध्ये पिण्याच्या पाण्याच्या तोंडालाही निळी खूण असते आणि डेफचे झाकणही निळेच असते. पाहुण्याच्या हाती पाइप देण्याआधी दोन्ही तोंडांवर मराठीत ठळक अक्षरे चिकटवावीत. डेफच्या टाकीत नळाचे पाणी गेले तर टाकी धुवावी लागेल, आणि पाण्याच्या टाकीत डेफ गेले तर घरातल्यांच्या पोटाचा प्रश्न होईल.

लडाखला किंवा परदेशात थंडीत गाडी नेली तर डेफ गोठते का?

उणे ११ अंशांना गोठते आणि गोठताना सुमारे ७ टक्के फुगते, म्हणून टाकी काठोकाठ भरलेली नसावी. गोठून पुन्हा वितळल्याने द्रव खराब होत नाही. टाकीत हीटर असतो, गाडी नेहमीसारखी सुरू होते आणि चालता चालता द्रव वितळतो. त्यात मीठ, कूलंट किंवा कोणतेही ‘अँटिफ्रीझ’ घालू नये. हिवाळ्यात कारगिल-द्रासकडे माल नेणाऱ्या आपल्या चालकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. अमेरिकेत मोटरहोम भाड्याने घेणाऱ्या मराठी कुटुंबांच्या बाबतीत, तिथल्या भाड्याच्या बहुतेक लहान मोटरहोम पेट्रोलवर चालतात आणि त्यांना डेफ लागतच नाही. डिझेल गाडी मिळाली, तर भरण्याचे तोंड कोणते ते ताबा घेतानाच विचारून घ्यावे.

‘युरिया बंद करणारी चिप’ बसवून घ्यावी का?

नाही, हे मी कोणत्याही आडवळणाविना सांगतो. ती चिप इंजिनाच्या संगणकाला खोटे सिग्नल देते आणि गाडी बीएस-६ कागदावर राहून प्रत्यक्षात तिचा धूर कित्येक पटींनी विषारी होतो. मोटार वाहन कायद्यात मालकाने केलेल्या अवैध बदलासाठी कलम १८२ अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि प्रदूषणाच्या कलम १९० (२) खाली दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो. तांत्रिक बाजू याहूनही वाईट आहे. वापरात नसलेल्या टाकीत द्रव सुकतो, नोझल कायमचे तुंबते, आणि गाडी विकताना किंवा तपासणीच्या वेळी यंत्रणा पुन्हा चालू करायची म्हटली, की तिचा एकही भाग जागचा हलत नाही.

दिवा लागला आहे आणि गॅरेजवाले थेट पंप किंवा नॉक्स सेन्सर (धुरातील नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा) बदला म्हणतात. काय करावे?

घाईने होकार देऊ नये. आधी स्कॅनरवरचा दोष-क्रमांक लिहून घ्यावा. मग क्रमाने पाहावे : टाकीतील द्रवाचे प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने, फिल्टर कधी बदलला होता हे नोंदवहीतून, कनेक्टरच्या पिना डोळ्यांनी, नळ्यांवर पांढरी पूड आहे का ते टॉर्चच्या प्रकाशात, आणि नोझल काढून त्याचे तोंड. स्फटिकांनी तुंबलेले नोझल अनेकदा कोमट खनिजमुक्त पाण्यात भिजवून मोकळे होते, मात्र ते तारेने कोरू नये, कारण छिद्राचा आकार बिघडला की फवारा धार बनतो आणि दगड अधिक वेगाने साचतात. कनेक्टर स्वच्छ करून काही दोष तिथेच मिटतात. या सगळ्यातून काही हाती लागले नाही, तरच महाग भागांकडे वळावे, आणि भाग बदलला तर जुना परत मागून घ्यावा.

खराब द्रवामुळे पंप गेला असेल, तर नवा पंप बसवण्याआधी टाकी, नळ्या आणि फिल्टर स्वच्छ झालेच पाहिजेत. त्याच गढूळ टाकीवर बसवलेला नवा पंप तीन महिन्यांत परत आलेला मी पाहिला आहे. टाकीतून काढलेल्या द्रवाचा लिटरभर नमुना स्वच्छ बाटलीत, तारीख आणि गाडीचा क्रमांक लिहून बाजूला ठेवावा. विक्रेत्याशी किंवा कंपनीशी बोलताना तो हाताशी असला, की चर्चा अंदाजांवरून पुराव्यांवर येते.